ब्रिटनचा दुसरा एकेरी खेळाडू कोण असावा? – क्रमवारीत मागे असलेले ब्रिटिश टेनिसपटू आणि डेव्हिस करंडक

डावखुरा (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिस करंडकात (देशांच्या पुरुष संघांच्या टेनिस स्पर्धेत) ब्रिटनने ग्दिनिया येथे पोलंडला ३-१ असे हरवून पुढील वर्षीच्या पात्रता फेरीत पाऊल टाकले, ही बातमी आपल्याकडच्या वृत्तपत्रांत जेमतेम दोन ओळींत उरकली गेली. मला मात्र त्या निकालापेक्षा त्यामागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. डाव्या हाताच्या दुखापतीमुळे जॅक ड्रेपरचा हंगाम संपला आहे आणि कॅमरन नॉरीने तिशी गाठली आहे. दुहेरीत ब्रिटनकडे इतके दर्जेदार खेळाडू आहेत की निवड करणाऱ्याचीच पंचाईत व्हावी. अशा वेळी दुसऱ्या एकेरीसाठी जेकब फर्नली, बिली हॅरिस, डॅन इव्हान्स, आर्थर फेरी, जॅक पिनिंग्टन जोन्स यांपैकी कोणाला उतरवावे?

माझे मत आधीच नोंदवतो. जागतिक क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांत मिळवलेल्या गुणांचा हिशेब असतो. खेळाडू आज कसा खेळतो आहे, हे त्यातून दर वेळी कळतेच असे नाही. त्यामुळे शंभराच्या खालच्या खेळाडूंतून निवड करताना कर्णधार लिऑन स्मिथ यांनी क्रमवारी बाजूला ठेवून मैदानाचा पृष्ठभाग, समोरचा प्रतिस्पर्धी आणि गेल्या दोन महिन्यांतील खेळ या तीनच गोष्टी पाहाव्यात. सदस्यांना काय वाटते?

सदाशिवपेठी सर्व्हिस

क्रमवारी पाहायची नसेल तर मग ती काढतात तरी कशाला?

जुनी रॅकेट

धागाकर्त्यांशी मी बराचसा सहमत आहे. ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो, त्यांनी मार्च २०१५ मधील ग्लासगोची लढत आठवावी. अमेरिकेविरुद्ध पहिल्याच दिवशी जेम्स वॉर्ड पहिले दोन्ही सेट हरला होता. तो क्रमवारीत १११ वा होता आणि समोर पहिल्या विसांतला, जगातील सर्वांत भेदक सर्व्हिसपैकी एक असलेला जॉन इस्नर होता. वॉर्डने तिसरा सेट घेतला, चौथा टायब्रेकवर काढला आणि पाचवा १५-१३ असा जिंकला. सामना जवळपास पाच तास चालला. पाचव्या सेटच्या शेवटच्या टप्प्यात वॉर्डच्या सर्व्हिसचा एक गेम गेला असता तर सामना जवळपास हातून गेला असता. हे दडपण त्याने तासाहून अधिक काळ पेलले, आणि हे त्याच्या क्रमवारीत कुठेही लिहिलेले नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घेंट येथे बेल्जियमला हरवून ब्रिटनने १९३६ नंतर प्रथमच करंडक उचलला. संपूर्ण मोहिमेत दुसऱ्या एकेरी खेळाडूने निकालाला कलाटणी देणारा जिंकलेला सामना हा एवढाच.

प्रा. अनाकलनीय

जुनी रॅकेट यांनी दिलेल्या माहितीवरून मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. फ्रान्सविरुद्ध वॉर्ड सिमॉनकडून हरला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध इव्हान्स टॉमिककडून हरला, अंतिम लढतीत पदार्पण करणारा काइल एडमंड गॉफँविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही हरला, आणि तरीही करंडक मिळाला, कारण अँडी मरे स्वतःचे सगळे एकेरी सामने जिंकत होता आणि भावाला सोबत घेऊन दुहेरीही काढत होता. म्हणजे एक असामान्य खेळाडू आणि एक बरी दुहेरीची जोडी असेल, तर दुसरा एकेरी खेळाडू कोणीही असला तरी चालते. आपण वॉर्ड-इस्नर सामना लक्षात ठेवतो आणि बाकीचे तीन विसरतो. आठवणीची ही खोड निवड समितीला परवडणारी नाही.

डावखुरा

प्राध्यापकांचा मुद्दा जुन्या पद्धतीला लागू होता. तेव्हा अंतिम टप्प्यातही एका लढतीत पाच सामने होत, म्हणून मरे एकटा तीन गुण मिळवू शकत असे. २०१९ पासून अंतिम टप्प्यात दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीनच सामने होतात आणि तेही तीन सेटचे. त्यात दोन्ही संघांचे दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू सर्वांत आधी मैदानात उतरतात. कोणाला पहिला क्रमांक द्यायचा हे कर्णधाराच्या हातात नसते. निवडलेल्या दोघांत ज्याची क्रमवारी वरची, तो आपोआप पहिला. तेव्हा आज आपण ज्याला ‘कोणीही चालेल’ म्हणतो आहोत, त्याच्याच सामन्याने लढतीची सुरुवात होते. तो जिंकला आणि दुहेरीची भरवशाची जोडी पाठीशी असली, तर अव्वल खेळाडू हरूनही लढत जिंकता येते.

नॉटिंगहॅमची सई

मी नॉटिंगहॅममध्ये राहते आणि जूनमधील ग्रासकोर्टवरच्या चॅलेंजर (मुख्य व्यावसायिक मालिकेच्या खालच्या स्तरावरच्या) स्पर्धेला जमेल तेव्हा जाते, म्हणून या खेळाडूंविषयी जवळून पाहिलेले थोडे लिहिते. बाजूच्या कोर्टांवर प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात हातभर अंतराचा कठडा असतो. दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत खेळाडू स्वतःच पिशवीतून नवी ग्रिप काढून दातांनी तिची पट्टी सोडवतो, टॉवेल मागच्या जाळीवरून स्वतःच उचलून आणतो, आणि प्रशिक्षक सोबत आलेला असलाच तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याला दबक्या आवाजात काहीतरी सांगत असतो. अनेकांसोबत प्रशिक्षक नसतोच, कारण त्याचा प्रवासखर्च परवडत नाही.

जून २०२४ मध्ये याच स्पर्धेत फर्नली पात्रता फेरीतून आला होता. तेव्हा तो क्रमवारीत पाचशेच्याही खाली होता, कारण तोवर तो टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात शिकत होता आणि विद्यापीठातील सामन्यांना जागतिक गुण मिळत नाहीत. तो स्पर्धा जिंकला, काही आठवड्यांनी विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत त्याने जोकोविचकडून एक सेट हिसकावला आणि वर्ष संपण्यापूर्वी तो पहिल्या शंभरांत आला. त्या जूनमध्ये कोणी क्रमवारी पाहून संघ निवडला असता तर फर्नलीचे नावही पुढे आले नसते.

हॅरिसची गोष्ट याहून वेगळी आहे. तो व्हॅन घेऊन युरोपभर छोट्या स्पर्धा खेळत हिंडला आणि रात्री त्याच व्हॅनमध्ये झोपला. हॉटेलचे पैसे वाचवायचे आणि त्यातून पुढच्या स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरायचे, असे त्याने वर्षानुवर्षे केले. क्वीन्स क्लबची उपांत्यपूर्व आणि ईस्टबर्नची उपांत्य फेरी त्याने २०२४ मध्ये, म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी गाठली. विद्यापीठाच्या वाटेने आलेला मुलगा आणि व्हॅनमधून आलेला मुलगा क्रमवारीत शेजारीशेजारी दिसले, तरी त्यांची तयारी सारखी नसते.

सदाशिवपेठी सर्व्हिस

सईताई, व्हॅनची गोष्ट हृदयद्रावक आहे, पण देश कोणता आहे ते विसरू नका. विम्बल्डनच्या वार्षिक नफ्याचा बहुतांश भाग दर वर्षी ब्रिटिश टेनिस संघटनेला मिळतो. एवढा पैसा असलेल्या दुसऱ्या किती देशांच्या खेळाडूंना व्हॅनमध्ये झोपावे लागते? आणि दुसऱ्या बाजूला वाइल्ड कार्डची, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसतानाही आयोजकांनी दिलेल्या प्रवेशाची खैरात आहे. अलेक्स बोग्दानोविचला विम्बल्डनचे आठ वेळा वाइल्ड कार्ड मिळाले आणि आठही वेळा तो पहिल्या फेरीत हरला. डेव्हिस करंडकातही त्याने एकेरीचे सहा सामने खेळून सहाही गमावले. २०२५ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६६,००० पौंड मिळाले. घरबसल्या एवढी रक्कम मिळत असेल तर परदेशी धुळीत जाऊन गुण मिळवण्याची भूक राहील कशी?

जुनी रॅकेट

बोग्दानोविचवर हा राग थोडा अन्यायकारक आहे. आठ वेळा तो कोणाविरुद्ध खेळला, हेही पाहावे लागते. वाइल्ड कार्ड मिळालेल्या खेळाडूचा सामना बहुधा त्याच्यापेक्षा खूप वरच्या खेळाडूशीच होतो. शिवाय यंदाचे वाइल्ड कार्ड वाया गेले असे म्हणता येणार नाही. क्रमवारीत ४६१ वा असलेल्या फेरीने विसावे मानांकन असलेल्या ॲलेक्सी पॉपिरिनला हरवले आणि पिनिंग्टन जोन्सने एचेवेरीला बाहेर काढले.

डावखुरा

आणि ऑलिव्हर टार्वेटला तर मुख्य स्पर्धेचे वाइल्ड कार्डही मिळाले नव्हते. ७३३ व्या क्रमांकावरून पात्रता फेरीचे तिन्ही सामने जिंकून तो मुख्य स्पर्धेत आला, एक फेरी जिंकला आणि सेंटर कोर्टवर अल्काराझविरुद्ध खेळला. २०१६ मध्ये ७७२ व्या क्रमांकावरच्या मार्कस विलिसने असेच येऊन फेडररशी सामना खेळला होता, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की विलिस क्लबमध्ये मुलांना शिकवून पोट भरत होता, तर टार्वेट अमेरिकेत सॅन डिएगो विद्यापीठाकडून खेळणारा विद्यार्थी आहे आणि तिथल्या नियमांमुळे त्याला बक्षिसाची बहुतेक रक्कम स्वीकारता आली नाही.

गोट्या_पार्लेकर

म्हणजे अल्काराझशी खेळायला परवानगी, पण पैसे घ्यायला नाही. आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत याच्या उलट तक्रार असते.

बालेवाडीकर

वरील प्रतिसादांत एक गोष्ट ठळक दिसते, पण कोणी ती स्पष्ट मांडलेली नाही. नॉरी, फर्नली आणि पिनिंग्टन जोन्स हे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे, फेरी स्टॅनफर्डचा, टार्वेट सॅन डिएगोचा. ब्रिटनची ही फळी बरीचशी अमेरिकन विद्यापीठांत घडली आहे. तिथे हे खेळाडू आठवड्यामागून आठवडे संघासाठी खेळतात, बाजूच्या कोर्टांवर सहकाऱ्यांचे सामने चालू असताना आणि प्रेक्षक आरडाओरडा करत असताना खेळतात. डेव्हिस करंडकाचे वातावरण त्यांना नवे नसते. अठराव्या वर्षापासून एकट्याने फिरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला मात्र संघासाठी खेळण्याचा अनुभव फारसा मिळत नाही.

आपल्याकडचे ताजे उदाहरण पाहा. ब्रिटन ग्दिनियात खेळत होते त्याच सुमारास भारताने बील येथे स्वित्झर्लंडला ३-१ असे हरवले. त्यात दक्षिणेश्वर सुरेशने पदार्पणात जेरोम किमला नमवले. सुरेश ६२६ वा, किम १५५ वा, आणि सुरेशही अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळतो. कर्णधार रोहित राजपाल यांनी क्रमवारी पाहून निर्णय घेतला असता तर तो बाकावरच बसला असता. बालेवाडीत मी या स्तरावरचे परदेशी आणि भारतीय खेळाडू अनेकदा पाहिले आहेत आणि दीडशेव्या व सहाशेव्या क्रमांकातला फरक फटक्यांत शोधून सापडत नाही. तो सलग तीन आठवडे तेच फटके मारता येण्यात असतो. डेव्हिस करंडकात तीन आठवडे नाही, एक दुपार खेळायचे असते.

प्रा. अनाकलनीय

शेवटचे वाक्य फार चांगले आहे, म्हणूनच त्यावर आक्षेप घेतो. एक दुपार खेळायचे असते हे खरे, पण ती दुपार कोणती हे आधी ठाऊक नसते. ज्याला सातत्य नाही, तो त्याच दुपारी चांगला खेळेल याची हमी काय? सातत्य मोजण्याचे एकमेव साधन पुन्हा क्रमवारीच ठरते. इव्हान्सचेच पाहू. मार्च २०१० मध्ये व्हिल्नियस येथे लिथुआनियाविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना पाचवा सामना त्याच्यावर येऊन पडला आणि तो ग्रिगेलिसकडून हरला. त्या पराभवानंतर कर्णधार जॉन लॉइड यांनी पद सोडले, आणि सर्वांत खालच्या गटात घसरण टाळण्यासाठी ब्रिटनला ईस्टबर्न येथे तुर्कस्तानशी खेळावे लागले.

जुनी रॅकेट

प्राध्यापकांनी अर्धीच गोष्ट सांगितली. एप्रिल २०१३ मध्ये कॉव्हेंट्री येथे रशियाविरुद्ध मरेविना खेळणारा ब्रिटन पहिल्या दिवशी ०-२ असा मागे पडला होता. दुहेरी कॉलिन फ्लेमिंग आणि जॉनी मॅरे यांनी काढली, वॉर्डने तुर्सुनोव्हला पाच सेटमध्ये हरवले, आणि पुन्हा पाचवा सामना त्याच इव्हान्सवर आला. तो ३२५ वा होता आणि डॉन्स्कॉयविरुद्ध सरळ सेटमध्ये जिंकला. ०-२ वरून लढत जिंकण्याचा प्रसंग ब्रिटनच्या वाट्याला १९३० नंतर प्रथमच आला होता. व्हिल्नियसचा निकाल पाहून त्याला कायमचे वगळले असते तर कॉव्हेंट्री घडलेच नसते. माझ्या मते खेळाडूला अशा सामन्यात एकदा हरू द्यावे लागते.

सदाशिवपेठी सर्व्हिस

बोग्दानोविचला सहा वेळा हरू दिले की!

अमृता_ग

सगळी चर्चा पुरुषांवरच चालली आहे, म्हणून महिला संघाचा दाखला देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्लासगो येथे बिली जीन किंग करंडकाच्या अंतिम टप्प्यात ब्रिटनला केवळ यजमान म्हणून प्रवेश मिळाला होता आणि एमा राडुकानू खेळत नव्हती. पहिली लढत कझाकस्तानविरुद्ध हरल्यावर पुढे स्पेन होता. क्रमवारीत शंभराच्या काठावर असलेल्या हॅरिएट डार्टने पहिल्या पंधरांतल्या पावला बादोसाला सरळ सेटमध्ये हरवले, हेदर वॉटसननेही आपला सामना जिंकला आणि ब्रिटन ३-० ने जिंकून उपांत्य फेरीत गेले. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्धची लढत निर्णायक दुहेरीच्या अखेरच्या टायब्रेकपर्यंत गेली.

दुसरे नाव सोनाय कार्तलचे. २०२४ च्या सुरुवातीला ती पहिल्या दोनशेतही नव्हती. त्याच सप्टेंबरमध्ये मोनास्तिरची स्पर्धा जिंकली आणि यंदा विम्बल्डनची चौथी फेरी गाठून पहिल्या पन्नासांत गेली. कर्णधार ॲन केओथावाँग यांच्या संघात दुसरी एकेरी कोण खेळणार हा प्रश्न सतत बदलत राहिला आहे, आणि तरीही २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी संघ अंतिम टप्प्यात पोहोचला. यावरून मला असे वाटते की, एक नाव पक्के करण्याची घाई करण्यापेक्षा तीन-चार खेळाडूंना संघाबरोबर सतत ठेवणे हाच उपाय आहे.

डावखुरा

अमृता यांचा मुद्दा पटतो, पण त्यात एक व्यावहारिक अडचण आहे. २०१६ पासून डेव्हिस करंडकाच्या सामन्यांना जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नाहीत. पहिल्या वीसांतल्या खेळाडूला त्याने फारसा फरक पडत नाही. परंतु जो १८० व्या क्रमांकावर आहे आणि ज्याला ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश मिळण्यासाठी साधारण शंभरच्या आसपास यायचे आहे, त्याने संघाबरोबर बाकावर बसण्यात एक आठवडा घालवला की एक चॅलेंजर स्पर्धा हातची जाते. संघटनेकडून मानधन मिळते, गुण मिळत नाहीत. इव्हान्सने तर याहून मोठी किंमत मोजली: २०२३ मध्ये जिंकलेल्या वॉशिंग्टनच्या विजेतेपदाचे गुण राखायला जाण्याऐवजी २०२४ मध्ये तो मरेबरोबर पॅरिस ऑलिंपिकमध्ये दुहेरी खेळला आणि क्रमवारीत धाडकन खाली आला. महिनाभरात त्याच खेळाडूने अमेरिकन ओपनमध्ये खचानोव्हविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ०-४ वरून सामना काढला. तो ५ तास ३५ मिनिटे चालला आणि त्या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत लांबलेला सामना ठरला. क्रमवारी हिशेब दाखवते असे मी म्हटले ते याच अर्थाने.

नॉटिंगहॅमची सई

इव्हान्सविषयी आदर राखून म्हणते, तो आता पस्तीस वर्षांचा आहे आणि यंदा विम्बल्डनला जोकोविचने त्याला शेवटच्या सेटमध्ये एकही गेम घेऊ दिला नाही. तो संघात असावा, पण एकेरीसाठी नव्हे. २०२३ मध्ये मँचेस्टर येथे फ्रान्सविरुद्ध त्याने आणि नील स्कुप्स्कीने चार मॅच पॉइंट वाचवून दुहेरी जिंकली होती. अशा प्रसंगी लागणारा माणूस म्हणून तो पाचव्या जागेवर शोभतो.

बालेवाडीकर

पण दुहेरीसाठी त्याची गरज आहे का? कॅश आणि ग्लासपूल २०२५ चे विम्बल्डन पुरुष दुहेरी विजेते आहेत, १९३६ नंतर ते विजेतेपद जिंकणारी पहिली पूर्णतः ब्रिटिश जोडी. शिवाय पॅटन, सॅलिस्बरी, स्कुप्स्की आहेतच. संघात जागा पाचच. दोन दुहेरीचे खेळाडू घेतले की एकेरीसाठी तीन जागा उरतात. त्यांत एक नॉरी धरला, तर आपण दोन नावांवर भांडत आहोत.

प्रा. अनाकलनीय

मग भांडण संपवू. माझी दोन नावे फर्नली आणि हॅरिस. दोघांपैकी वरच्या क्रमवारीचा खेळाडू खेळेल.

डावखुरा

माझी फर्नली आणि फेरी. फेब्रुवारीत मिकी येथे जपानविरुद्ध ड्रेपरच्या गैरहजेरीत एकेरीचा भार फर्नली आणि हॅरिस यांच्यावरच होता आणि ती लढत ब्रिटनने २-३ अशी गमावली, म्हणून तीच जोडी पुन्हा नको असे मी म्हणत नाही. हॅरिसचा खेळ ग्रासकोर्टवर आणि वेगवान पृष्ठभागावर खुलतो, परंतु परक्या मैदानावरची लढत असेल तर यजमान त्याला सोयीचा पृष्ठभाग कशाला देतील? फेरी उंचीने कमी आहे, सर्व्हिसवर फुकट गुण मिळवत नाही, पण चेंडू लवकर उचलतो आणि नेटकडे न घाबरता येतो. मंद कोर्टवर मोठ्या फटकेबाजाची लय मोडायला असा खेळाडू उपयोगी पडतो. फर्नली दुसरा आणि फेरी राखीव, पण दुसऱ्या दिवशी बदल करण्याची तयारी ठेवूनच.

अमृता_ग

पात्रता फेरी फेब्रुवारीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यावर लगेच होते, हेही यादी करताना धरावे. मेलबर्नहून येणाऱ्याला वेळेतला फरक आणि थकवा दोन्ही सोसावे लागतील.

गोट्या_पार्लेकर

मग प्रश्नच मिटला. जो मेलबर्नच्या पात्रता फेरीत पहिल्याच दिवशी हरेल, तो सर्वांत आधी परत येईल आणि सर्वांत ताजातवाना असेल. त्यालाच खेळवा.

जुनी रॅकेट

गोट्याभाऊंनी हे गमतीने लिहिले असले, तरी कर्णधार असा विचार करतातच. तीन आठवडे युरोपात बंदिस्त कोर्टवर सराव केलेला दोनशेवा खेळाडू आणि दोन दिवसांपूर्वी विमानातून उतरलेला साठावा खेळाडू यांच्यात मी पहिल्या दिवशी दोनशेव्यालाच उतरवीन. नाव विचाराल तर फेरी.

सदाशिवपेठी सर्व्हिस

मी अजूनही क्रमवारीवरच ठाम आहे. तरी सुरेशचा सामना पुन्हा पाहायचा आहे. बालेवाडीकर, चित्रफीत कुठे मिळेल ते कळवा.